खडा फुटतो तेव्हा किडनीला काय होतं: लिथोट्रिप्सीच्या टेबलाशेजारून

मराठवाड्यात लिथोट्रिप्सीला, म्हणजे अंगाबाहेरून दाबाच्या लाटा देऊन मुतखडा फोडून घ्यायला, येणारा माणूस बहुतेक वेळा परतीच्या गाडीची वेळ डोक्यात ठेवूनच येतो. पहाटेच्या एसटीने निघालेला, उपाशीपोटी, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, सोबत भाऊ नाहीतर मेहुणा. पहिला प्रश्न किती वेळ लागेल, आणि दुसरा एकाच खेपेत काम होईल का. आम्ही या खोलीत मशीन चालवणारी, रुग्णाला टेबलावर झोपवणारी, नंतर त्याच्या लघवीचा रंग बघणारी माणसं. या उपचारातला बराचसा धोका घाईतून येतो असं आमचं मत आहे. म्हणून टेबलावर आणि टेबलाच्या आधी-नंतर काय काय होतं ते लिहितो आहोत, आणि घाई केली की नेमकं काय बिघडतं तेही.

आधी निवड. शिरेतून औषध न देता काढलेला साधा सीटी स्कॅन पुरतो. त्यात खड्याचा आकार बघायचा. किडनीतला खडा २० मिलिमीटरपर्यंत असेल तर शॉकने, म्हणजे या लाटांनी, फोडायचा विचार होतो. खालच्या कप्प्यात असेल तर १० मिलिमीटरच्या पुढे हात आखडता घ्यावा. तिथे खडा फुटला तरी चुरा वर चढून बाहेर पडत नाही, तळाशीच बसून राहतो. मग खड्याची घनता. ती हाऊन्सफिल्ड युनिटमध्ये मोजतात आणि आकडा हजाराच्या वर गेला की खडा सहसा दाद देत नाही. कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे माणूस अंगाने भरलेला असेल, तर लाटेचा जोर वाटेतच ओसरतो. आणि खड्याच्या खालची वाट मोकळी हवी. मूत्रवाहिनी कुठे आवळलेली असेल तर चुरा जाणार कुठून?

घनतेचा आकडा रिपोर्टात पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. सीटी काढतानाच तो मोजून लिहायला सांगावा, दोन मिनिटांचं काम आहे. १३०० घनतेचा खडा, कातडीपासून ११ सेंटीमीटर आत, आणि तरी 'ऑपरेशन नको, शॉकच द्या' हा हट्ट महागात पडतो. शॉक किडनी सोसते, खडा जागेवर राहतो आणि शेवटी दुर्बीण घालावीच लागते. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, ब्रशाइट आणि सिस्टीन हे खडे चिवट. युरिक ॲसिडचा खडा मऊ असतो, पण साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीवर धरावा लागतो. तो बरेचदा पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीतली आम्लता कमी केली की विरघळूनच जातो, मशीनची गरज पडत नाही.

त्यानंतर गोळ्या. 'काही चालू आहे का' असं विचारलं की उत्तर 'काही नाही' असंच येतं, आणि पिशवीतून 'हार्टची गोळी' निघते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांपैकी काही चालू असताना शॉक दिला तर किडनीभोवती रक्त साचायचा धोका सरळ वाढतो. म्हणून गोळ्यांचं पाकीटच घेऊन या, नाव आठवत बसू नका. या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं, आणि थांबवणं शक्य नसेल तर शॉकऐवजी दुर्बिणीचा मार्ग धरतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्याही सांगा. त्यातल्या काही रक्त गोठू देत नाहीत आणि किडनीलाही त्रास देतात.

रक्तदाब चढलेला असेल तर त्या दिवशी शॉक नाही. या एका कारणावरून माणसाला परत पाठवलं की नातेवाईक चिडतात. पण रक्तदाब ताब्यात नसणं हे किडनीभोवती रक्त साचण्याचं ओळखीचं कारण आहे, इथे तडजोड नको. लघवीत जंतू असतील तर आधी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून ते मारायचे, कारण फुटलेल्या खड्यातून निघालेले जंतू थेट रक्तात शिरू शकतात. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, ते धरूनच तारीख घ्यावी. गरोदरपणात हा उपचार अजिबात नाही. शंका असेल तर लघवीची तपासणी आधी. किडनीजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा असेल तरीही नाही.

आदल्या रात्री हलकं जेवण. हरभरा, वाटाणा, उसळी टाळा. बायसाकोडिलची गोळी देतात ती पोट साफ व्हावं म्हणून. आतड्यातला वायू एक्स-रेत खडा झाकतो हे एक, आणि लाट वायूला धडकली की पुढे जात नाही, तिथेच आतड्याला इजा करते हे दुसरं.

आता मशीन. शॉक म्हणजे इथे दाबाची लाट. अंगाला विजेचा झटका बसत नाही. हे तंत्र जर्मनीतलं. विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीत वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळतात तेव्हा उठणाऱ्या लाटांचा अभ्यास चालू होता, त्यातून हे निघालं. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला. तेव्हा माणसाला पाण्याच्या टबात बसवत. आता टबाऐवजी पाण्याने भरलेली रबरी उशी कमरेला टेकते. लाट ठिणगीने, विद्युतचुंबकाने किंवा पिझो स्फटिकांनी तयार करतात. तिन्हींत ती बाहेर पसरलेली असते आणि आत एका छोट्या बिंदूवर एकवटते. त्या बिंदूवर हवेच्या दाबाच्या तीनशे ते हजार पट दाब येतो, तोही सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापुरता. त्याच्या मागोमाग ओढणारा उणा दाब येतो. खडा फुटतो तो काही अंशी दाबाने चिरडून, काही अंशी मागच्या बाजूने ओढला जाऊन आणि बराचसा बुडबुड्यांमुळे. उण्या दाबाने भोवतीच्या लघवीत बारीक बुडबुडे होतात, ते खड्यावर कोसळतात आणि त्याला कुरतडतात. हेच बुडबुडे रक्तवाहिनीत झाले की वाहिनी फाटते. खडा फोडणारी आणि किडनीला जखम करणारी लाट एकच आहे, आणि म्हणूनच ती कशी द्यायची याला एवढं महत्त्व.

उशी आणि कातडी यांच्यामध्ये जेल. हे काम बघायला क्षुल्लक, पण आमच्या खोलीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सोनोग्राफीच्या पिचकारी बाटलीतून जेल नागमोडी फिरवून लावलं की दोन थरांमध्ये हवा अडकते. कातडीवर हाताने पसरवलं की पुन्हा हवा. बरोबर रीत अशी: मोठ्या डब्यातून एक जाड गोळा काढायचा, उशीच्या मध्यावर एकाच जागी ठेवायचा, मग माणसाला त्यावर टेकवायचं आणि उशी हळूहळू फुगवायची. गोळा मधून कडेकडे पसरतो आणि हवेला बाहेर ढकलतो. संपर्काच्या जागेपैकी फक्त २ टक्के भागात हवेचे कप्पे राहिले तरी प्रयोगशाळेतल्या खड्यांचं फुटणं २० ते ४० टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं आहे. कमरेवरचे दाट केस आधी काढून घ्यावेत, त्यात हवा धरून राहते. आणि मधेच माणूस उठून बसला, उशी सुटली, की तीच उशी पुन्हा टेकवायची नाही. जेल पुसून सगळं पहिल्यापासून लावायचं. आम्ही 'मामा, लघवीला आधीच जाऊन या' म्हणून मागे लागतो ते यासाठीच.

खडा एक्स-रेवर दोन कोनांतून बघून पडद्यावरच्या अधिक चिन्हावर आणायचा. मग श्वास. श्वासाबरोबर किडनी दोन-तीन सेंटीमीटर वर-खाली होते आणि आजच्या पुष्कळ मशीनचा एकवटण्याचा बिंदू तर सेंटीमीटरपेक्षाही अरुंद. म्हणजे शॉक वाजतो, आकडा पुढे सरकतो, पण त्या क्षणी खडा तिथे नसतो. जे काही बसतं ते किडनीच्या मांसाला. दुखत असलेला माणूस खोल श्वास घेतो, कमर चोरतो. म्हणून दुखणं कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. डायक्लोफेनॅक किंवा गरज पडल्यास शिरेतून तीव्र वेदनाशामक. लहान लेकरांना भूल. 'मी सहन करतो, इंजेक्शन नको' म्हणणाऱ्याला आम्ही समजावतो की सहन करताना तुमचं अंग हलतं. पोटाला पट्टा बांधूनही श्वास उथळ ठेवता येतो. दर दोन-तीनशे शॉकनंतर जागा पुन्हा तपासायची, कारण खडा फुटायला लागला की तुकडे सरकतात.

सुरुवात अगदी कमी जोराने. पहिले शंभर ते पाचशे शॉक खालच्या पातळीवर, मग तीन-चार मिनिटं थांबायचं, मग पायरीपायरीने जोर वाढवायचा. हे माणसाला सवय व्हावी म्हणून तर आहेच, पण मोठं कारण किडनीचं. हलक्या शॉकने किडनीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, आणि आखडलेल्या वाहिन्या पुढच्या जोराच्या शॉकला कमी फाटतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या गटाने डुकरांवर हे मोजलं. माणसासारखीच किडनी असलेल्या या प्राण्यांना एकदम पूर्ण जोराने २००० शॉक दिले तर किडनीच्या साधारण ५-६ टक्के भागात रक्तस्राव दिसला. आधी हलके शॉक देऊन मग तोच मारा केला तर इजा एक टक्क्याच्याही खाली आली. मशीन तेच, शॉक तेवढेच. बदलली ती फक्त सुरुवात.

वेगाचंही तसंच. मिनिटाला १२० शॉक दिले तर ३००० शॉक २५ मिनिटांत संपतात, ६० ने दिले तर ५० मिनिटं. बाहेर नंबर लागलेले असताना बटण १२० वर नेण्याचा मोह मोठा. पण दोन शॉकमधलं अंतर कमी पडलं की आधीच्या शॉकचे बुडबुडे विरायच्या आत पुढची लाट येते आणि ती बुडबुड्यांतच खर्ची पडते. खडा नीट फुटत नाही, मोठे तुकडे राहतात, किडनीला इजाही जास्त होते. मिनिटाला ६० ते ९० हा वेग धरावा. हृदयाचे ठोके चुकायला लागले तर शॉक ठोक्याशी जुळवून देतात. पेसमेकर असला तर तो आधी सांगायचा. योग्य काळजी घेऊन उपचार करता येतो.

किडनीच्या खड्याला एका खेपेत साधारण २००० ते ३००० शॉक, मूत्रवाहिनीतल्या खड्याला थोडे जास्त चालतात. इथे नेहमीचा संवाद होतो.

'सायेब, पुन्हा यायचं काम नका ठिवू. आजच काय ते उरकून टाका.'

'मामा, खडा उरला तर पंधरा दिवसांनी बघू. आज जास्त मारलं तर मार खड्याला कमी, किडनीला जास्त बसतो.'

'पण गाडीभाडं…'

गाडीभाड्याचं म्हणणं खोटं नाही. पण मर्यादेपुढे दिलेल्या प्रत्येक शॉकमागे फायदा घटत जातो आणि इजा वाढत जाते. खर्चाचा प्रश्न असेल तर दुसऱ्या खेपेचं सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

किडनीच्या आत काय घडतं ते थोडं खोलात सांगतो. आधी फाटतात त्या पातळ भिंतीच्या शिरा आणि केशवाहिन्या, विशेषतः आतल्या टोकाकडच्या भागातल्या. फाटलेल्या जागी रक्त साचतं, त्यात बुडबुड्यांना वाढायला जागा मिळते आणि इजा पसरते. त्या भागातल्या पेशींना सूज येते, काही मरतात, आणि बरं होताना तिथे बारीकसा व्रण राहू शकतो. उपचार एका किडनीवर झाला तरी रक्तप्रवाह काही तास दोन्हींत कमी होतो. बहुतेक निरोगी माणसांत हे थोड्या दिवसांत निवळतं. म्हणूनच एकच किडनी असलेला, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा घटक) आधीच वाढलेला, म्हातारा किंवा मधुमेहाने किडनी थकलेला रुग्ण असेल तर शॉकची संख्या आणि जोर दोन्हींत हात राखावा. लेकरांची किडनी लहान, म्हणून तेवढाच बिंदू तिच्या मोठ्या भागाला लागतो. त्यांच्या फुप्फुसाची खालची कडही लाटेच्या वाटेत येऊ शकते; हवेने भरलेलं फुप्फुस आणि ओलं मांस यांच्या सीमेवर लाट मोठी इजा करते, म्हणून पाठीवर थर्माकोल किंवा फोमचं आवरण लावतात.

पुढे रक्तदाब किंवा मधुमेह जडतो का, हे रुग्ण हमखास विचारतात. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये १९८५ साली उपचार झालेल्या रुग्णांचा १९ वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा दोन्ही जास्त आढळले, आणि २००६ मध्ये ते छापून आल्यावर बरीच खळबळ झाली. त्यानंतर त्याच भागातल्या लोकसंख्येवर झालेल्या अभ्यासात तसा संबंध सापडला नाही. मुतखडा होणाऱ्यांत हे आजार मुळातच जास्त असतात, हेही लक्षात घ्यायला हवं. आमचा सल्ला इतकाच की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासत जा.

उपचारानंतरची लघवी लाल येते, जवळपास प्रत्येकाची. पारदर्शक बाटलीत धरून बघा. सरबतासारखी गुलाबी, दर वेळी थोडी फिकी होत जाणारी, एक-दोन दिवसांत पिवळसर झालेली, तर ठीक. गाठी पडत असतील, दुसऱ्या दिवशी रंग उलट गडद होत असेल, तर लगेच परत या. कमरेच्या कातडीवर लाल ठिपके किंवा निळसर डाग पडतो, तो आपोआप जातो. किडनीभोवती त्रास देण्याइतकं रक्त शंभरात एकापेक्षाही कमी जणांना साचतं. न जाणवणारं, फक्त तपासणीत दिसणारं त्याहून पुष्कळ जास्त जणांत असतं. ओळखायच्या खुणा: गोळीने न थांबणारी कमरेची सलग दुखणी, चक्कर, घाम, पांढरं पडलेलं तोंड. अशा वेळी गावात सलाईन लावून झोपवू नका, सीटीची सोय असलेलं ठिकाण गाठा. यातले बहुतेक जण विश्रांती आणि लक्ष ठेवण्यानेच बरे होतात, पण लक्ष ठेवायला दवाखाना लागतो.

चुरा बाहेर पडताना कळा येतात. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची रात्रीची गोळी मूत्रवाहिनी सैल करते. म्हाताऱ्या माणसाने ती घेतल्यावर झटकन उठू नये, चक्कर येते. शंभरात चार ते सात जणांत चुऱ्याचे कण एकामागे एक अडकून मूत्रवाहिनीत रांग लागते. ताप नसेल तर काही दिवस वाट बघता येते. थंडी वाजून ताप आला तर मात्र ती रात्रही घालवू नका: अडकलेली लघवी आणि त्यात जंतू हे मिश्रण काही तासांत जीवावर उठतं. तेव्हा नळी टाकून लघवीला वाट देणं पहिलं, खडा नंतर.

पाणी भरपूर, पण किती प्यायलात याहून लघवी किती होते ते मोजा: दिवसाला दोन ते अडीच लिटर. उन्हाळ्यात वावरात दिवसभर राबणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर प्यावं लागेल. हुलग्याचं पाणी हवं तर प्या, तेवढंच पाणी पोटात जातं. पानफुटी आणि बीअर यांवर मात्र भिस्त ठेवू नका. बीअरने लघवी वाढते खरी, पण युरिक ॲसिडही वाढतं. लघवी गाळणीतून गाळून निघालेले कण कोरड्या डबीत ठेवा आणि तपासायला द्या. दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी. ४ मिलिमीटरपर्यंतचे उरलेले तुकडे त्रास देत नसतील तर लगेच पुन्हा शॉक देत नाहीत, पण ते वाढू शकतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. खालच्या कप्प्यातल्या चुऱ्यासाठी डोकं-छाती खाली, कंबर वर करून झोपवतात आणि पाठीवर हलकं थोपटतात.

राहता राहिला डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवायला आत टाकलेली बारीक नळी. प्रत्येकाला लागत नाही. मोठा खडा, एकच किडनी, अडलेली लघवी अशा वेळी आधी टाकतात. आत असेपर्यंत लघवीला वारंवार जावं लागतं, शेवटी कळ येते, काम केलं की लालसर होते, हे सगळं अपेक्षित. कामाची गोष्ट म्हणजे तो काढायची तारीख. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांवर निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. निघण्याआधी स्टेंट पडला आणि दुखणं थांबलं म्हणून तसाच राहिला तर सहा महिन्यांत त्यावरच खडे चढतात. मग तो दुर्बिणीने ओढून निघत नाही, दोन्ही टोकांचे खडे आधी फोडावे लागतात, कधी किडनीच निकामी झालेली सापडते. त्यामुळे स्टेंट टाकताना तुम्ही तोडीला कधी निघणार ते आम्ही विचारतो. तारीख फाइलवर नको, मोबाईलमध्ये गजर लावा, मुकादमाला सांगा, आणि घरी राहणाऱ्या एका माणसाकडे लिहून द्या. फाइल कोपीत, तोडीवरच्या झोपडीत, भिजते.